पायकॉन इंडिया : खानदेशातून पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी परीक्षण

निकाल आधीच सांगून टाकतो. नुसती भाषणं ऐकायला जळगावहून बंगळुरूपर्यंत जाण्यात अर्थ नाही. पायकॉन इंडियातली बहुतेक भाषणं नंतर यूट्यूबवर फुकट येतात, आणि ती घरी बसून, थांबवून थांबवून पाहिली तर जास्त समजतात. तिकिटाचे पैसे वसूल होतात ते हॉलबाहेरच्या गप्पांत, पोस्टरसमोर (लोक आपलं काम कागदावर मांडून तिथे उभे असतात) आणि डेव्ह-स्प्रिंटच्या, म्हणजे एकत्र बसून कोड लिहिण्याच्या दिवसाच्या, टेबलावर. यातलं काहीच करायचं नसेल तर गाडीभाडं वाचवा. करायचं असेल तर देशात पायथॉनवाल्यांसाठी यापेक्षा चांगली जागा नाही.

ज्यांना नावच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरणाऱ्यांची ही देशातली सर्वांत मोठी वार्षिक परिषद. पहिली 2009 साली बंगळुरूच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्थेत) झाली. 2011 साली ती पुण्यात होती, पुढे दिल्ली, हैदराबाद, चेन्नई असं फिरली. 2020 साली कोरोनामुळे ती ऑनलाइन झाली, 2023 साली हैदराबादला जेएनटीयू विद्यापीठात, तर 2024 आणि 2025 साली बंगळुरूच्या निम्हान्स कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरली. मागे पायथॉन सॉफ्टवेअर सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था आहे आणि प्रत्यक्ष राबणारे सगळे स्वयंसेवक असतात. सोसायटीतर्फे 2012 पासून भारतातल्या पायथॉन चळवळीतले सुरुवातीचे कार्यकर्ते केनेथ गोन्साल्विस यांच्या नावाने पुरस्कारही दिला जातो. स्वयंसेवकांची गोष्ट मुद्दाम सांगितली. मोठ्या क्लाउड कंपन्या मुंबईत बीकेसीला ज्या एकदिवसीय परिषदा भरवतात त्यांना प्रवेश बहुधा फुकट असतो, पण तिथे तुम्ही गिऱ्हाईक असता आणि बहुतेक भाषणांचा शेवट त्यांच्याच एखाद्या सेवेच्या नावावर होतो. इथे तिकीट काढून जावं लागतं, म्हणून बोलणाऱ्याला काही विकायची घाई नसते. प्रायोजकांचे स्टॉल असतात, पण ते बाजूला.

परिषदेचे तीन भाग असतात. मुख्य दोन दिवस भाषणांचे, आणि त्यांना जोडून एक दिवस कार्यशाळांचा, एक दिवस डेव्ह-स्प्रिंटचा. कोणता आधी आणि कोणता नंतर हे दर वर्षी वेळापत्रकात पाहायचं. कार्यशाळेचं तिकीट मुख्य तिकिटापासून वेगळं असतं आणि जागा मोजक्या असतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांचा हमखास घोळ इथे होतो. मुख्य तिकीट काढलं म्हणजे सगळं आलं असं समजून लोक निर्धास्त राहतात आणि मग कार्यशाळेच्या दारावर अडतात. तिकिटं टप्प्याटप्प्याने महाग होत जातात. विद्यार्थ्यांसाठी सवलतीचं तिकीट असतं, त्यासाठी कॉलेजचं चालू वर्षाचं ओळखपत्र जवळ ठेवा. आर्थिक मदतीची योजनाही असते, पण तिचा अर्ज तिकिटांच्या बऱ्याच आधी बंद होतो. त्या अर्जात आपल्या हलाखीचं वर्णन करून भागत नाही. तिथे जाऊन तुम्ही काय करणार आणि परत येऊन ते कोणाला शिकवणार, हे चार ओळींत नेमकं लिहावं लागतं. कॉलेजातल्या पायथॉन क्लबचं काम असेल तर ते लिहा, नसेल तर उगाच फुगवू नका.

आता प्रवास, कारण खानदेशातल्या माणसासाठी निम्मी परीक्षा तीच. जळगाव आणि भुसावळकरांना कर्नाटक एक्स्प्रेस ही सरळ गाडी आहे. मनमाड, दौंड, सोलापूर, गुंटकलमार्गे बंगळुरू, जवळपास 1,300 किलोमीटर. इथून दुपारी चढलात की दुसऱ्या दिवशी दुपारी उतरता. म्हणजे शुक्रवारी सकाळी नऊला कार्यशाळा असेल तर बुधवारीच निघायला हवं. गुरुवारी निघून "पोहोचू की सकाळपर्यंत" म्हणणाऱ्यांचा शुक्रवार गाडीतच जातो. धुळेकरांना मालेगावमार्गे मनमाड गाठून तिथून चढणं सोयीचं. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडच्यांनी सुरत-भुसावळ मार्गाने जळगावला यावं. जळगाव विमानतळावरून छोटी विमानं उडतात खरी, पण त्यांचे दिवस ठरावीक असतात आणि वेळापत्रक बदलत राहतं. त्यावर परतीचा बेत बांधू नये.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. परिषदेची तारीख त्याच्या कितीतरी आधी जाहीर झालेली असते, तेव्हा साठावा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि सकाळी आठला बसून स्लीपर काढा. भाडं सहाशे-सातशेच्या घरात. ही गाडी दिल्लीहून भरून येते, त्यामुळे वेटिंगच्या भरवशावर राहू नका. एक गंमत म्हणजे 2024 आणि 2025 दोन्ही साली परिषद पितृपक्षात आली. गणपतीची गर्दी ओसरलेली, लग्नसराई नाही, नवरात्राला अवकाश. आरक्षणाच्या दृष्टीने त्यातल्या त्यात बरे दिवस. घरचे "पितृपाटात कशाला निघतोस" म्हणतील, तेवढं निभावून न्या. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असली की चोवीस तास पँट्रीच्या नादी लागावं लागत नाही.

निम्हान्स कन्व्हेन्शन सेंटर होसूर रोडवर आहे. स्टेशनला उतरल्यावर मेट्रोने मॅजेस्टिकला जाऊन ग्रीन लाइन पकडा, लालबागला उतरा आणि तिथून ऑटो करा. मुक्काम विल्सन गार्डन, लक्कसंद्रा, आडुगोडी किंवा जयनगर भागात पाहा, म्हणजे सकाळी चालत किंवा दहा मिनिटांत ऑटोने पोहोचता येतं. आपल्याकडच्या प्रत्येक घरातला कोणीतरी चुलतभाऊ, आतेभाऊ व्हाइटफिल्डला नाहीतर मारतहळ्ळीला असतोच, आणि तो "हॉटेल कशाला करतो रे, घरी ये" म्हणतोच. राहायचं तर परिषद संपल्यावर एक रात्र राहा. व्हाइटफिल्डहून रोज सकाळी होसूर रोडला येणं म्हणजे रोजचे दोन-तीन तास ट्रॅफिकला वाहणं, आणि पहिलं मुख्य भाषण बुडणार हे नक्की.

नोंदणीच्या टेबलावर तिकिटाचा क्यूआर कोड आणि फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. कोडचा स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये काढून ठेवा. दारात शेकडो लोक उभे असतात तेव्हा तिथलं मोबाइल नेटवर्कही दमतं आणि मेल उघडत नाही. पहिल्या दिवशी साडेनऊला रांग सर्वांत लांब असते, साडेआठला जवळजवळ नसते. बिल्ल्यावर नावाखाली काय लिहायचं याची सोय असेल तर कॉलेजच्या लांबलचक नावाऐवजी गाव लिहा. "जळगाव? केळीवालं?" एवढ्यावर गप्पा सुरू होतात. सभागृहात एसी जोरात असतो, सप्टेंबरमध्ये बाहेर पाऊसही असतो. जळगावच्या उकाड्यातून निघताना स्वेटर विनोदी वाटतो, तरी एक पातळ जॅकेट आणि छत्री न्याच.

भाषणांचं वेळापत्रक एकाच वेळी अनेक दालनांत चालतं. सगळं ऐकण्याचा हट्ट धरणारा माणूस दुपारी तीनला चौथ्या रांगेत झोपलेला सापडतो. आमचा ठोकताळा असा: दिवसाला तीन भाषणं पुरे. त्यातलं एक तुमच्या रोजच्या कामाचं, एक अजिबात न कळणाऱ्या विषयाचं, आणि एक अशा माणसाचं ज्याच्याशी नंतर बोलायचंच आहे. पहिल्या दोन प्रकारची भाषणं यूट्यूबवर येणारच आहेत, म्हणून वेळ कमी पडला तर तीच सोडा. तिसऱ्यासाठी पुढे बसा. प्रश्नोत्तरांच्या वेळी माइक घेऊन प्रश्न विचारण्यापेक्षा भाषण संपल्यावर वक्ता व्यासपीठावरून खाली उतरतो तेव्हा गाठणं फायद्याचं. तिथे तो घाईत नसतो. पोस्टरच्या दालनात तर माणूस आपल्या कामाशेजारी उभाच असतो. तिथे गर्दी कमी असते, आणि आमच्या मते परिषदेतला हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

ओपन स्पेस म्हणजे फळ्यावर विषय आणि वेळ लिहायची, ज्याला रस आहे तो येतो. लाइटनिंग टॉक म्हणजे पाच मिनिटांचं भाषण, त्याची नावनोंदणी तिथेच होते आणि लवकर भरते. पाच मिनिटांत स्लाइड चारपेक्षा जास्त नकोत. लाइव्ह डेमो अजिबात नको. प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडण्यातच दीड मिनिट जातं. स्लाइड पीडीएफमध्ये ठेवा आणि लॅपटॉपला फक्त यूएसबी-सी असेल तर एचडीएमआयचा कन्व्हर्टर स्वतःचा न्या.

भाषेची भीती काढून टाका. व्यासपीठावर इंग्रजी चालतं, बाहेर इंग्रजी, हिंदी, कन्नड, तमिळ, तेलुगू सगळं एकत्र. अडखळत इंग्रजी बोलणाऱ्याला इथे कोणी हसत नाही, कारण निम्मे लोक तसेच असतात. ओळख करून द्यायला तीन वाक्यं पाठ ठेवा: कुठून आलो, सध्या काय बनवतोय, कशात अडकलोय. तिसरं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. "मी थर्ड इयरला आहे" यावर समोरचा "अच्छा" म्हणतो आणि संपतं. "बाजार समितीच्या संकेतस्थळावरून कापसाचे भाव काढतोय, पण दर आठवड्याला त्यांची पानाची मांडणी बदलते" यावर समोरचा खुर्ची ओढतो.

स्टॉलवर टी-शर्ट, स्टिकर, बाटल्या मिळतात, घ्या बिनधास्त. मात्र तुमच्या बिल्ल्यावरचा कोड स्कॅन केला की तुमचं नाव, मेल, कधीकधी फोन त्या कंपनीकडे जातो, आणि मग महिनाभर "सर, अवर प्लॅटफॉर्म" चालू राहतं. नोंदणीसाठी वेगळा ईमेल वापरला की निदान मेलचा त्रास संपतो. नोकरी पाहत असाल तर एक पानी बायोडाटा पीडीएफमध्ये आणि गिटहबचा (कोड ठेवायच्या आणि वाटून घ्यायच्या संकेतस्थळाचा) दुवा तयार ठेवा. स्टॉलवर उभा असलेला माणूस एचआरचा आहे की इंजिनिअर हे आधी विचारा. इंजिनिअर असेल तर "तुमच्याकडे पायथॉनची कोणती आवृत्ती चालते, टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम) कशावर चालतात" हे विचारा. त्या एका उत्तरात कंपनीची निम्मी तब्येत कळते.

आता डेव्ह-स्प्रिंट. बरेच नवखे हा दिवस टाळून परततात, आणि आमच्या हिशेबाने तिकिटाची निम्मी किंमत तिथेच सोडून येतात. या दिवशी मुक्त-स्रोत (ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो असे) प्रकल्प चालवणारे लोक टेबलावर प्रकल्पाच्या नावाची पाटी लावून बसतात. तुम्ही टेबल निवडता, ते तुम्हाला एखादं छोटं काम देतात आणि संध्याकाळपर्यंत तुमच्या नावाने बदल पाठवला जातो. कल्पना सोपी आहे, पण प्रत्यक्षात निम्म्या नवख्यांची दुपार लॅपटॉप तयार करण्यातच जाते. कारण ठरलेलं: इन्स्टॉलेशन तिथे जाऊन करायला घेतलेलं असतं.

सभागृहातलं वायफाय हळू का होतं ते समजून घ्या, म्हणजे स्वयंसेवकांवर चिडायची वेळ येणार नाही. 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांना न अडवणारी चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. तेवढ्यात शेकडो लॅपटॉप आणि तितकेच मोबाइल. त्यात प्रत्येक जण वैतागून स्वतःचा हॉटस्पॉट चालू करतो, तो बहुधा त्याच पट्ट्यात घुसतो आणि सगळ्यांचंच आणखी बिघडतं. लॅपटॉपला 5 गिगाहर्ट्झ पकडता येत असेल तर तेच निवडा. हॉटस्पॉट लागलाच तर यूएसबी केबलने टेदर करा, हवेत गोंगाट वाढत नाही. आणि मुख्य म्हणजे जड डाउनलोड घरूनच उरकून या.

घरी करायची तयारी क्रमाने अशी. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) आणि त्यावर उबुंटू हे लिनक्स टाकून घ्या. हे डाउनलोड मोठं असतं आणि मध्ये रीस्टार्टही मागतं. मग गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), आणि त्यात आपलं नाव व ईमेल सेट करा. ईमेल तोच द्या जो गिटहबवर आहे, नाहीतर तुमचं काम तुमच्या प्रोफाइलवर दिसतच नाही. गिटहबला टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय दुसरी खूण मागणारं) लॉगिन लावा, योगदान देणाऱ्यांना आता ते बंधनकारक आहे. ओटीपीचं ॲप ज्या मोबाइलवर आहे तो सोबत असू द्या आणि रिकव्हरी कोड कागदावर लिहून पाकिटात ठेवा. एसएसएच की (पासवर्डऐवजी चालणारी ओळखीची किल्ली) बनवून गिटहबला जोडा. परिषदेच्या आधी स्प्रिंटमधल्या प्रकल्पांची नावं जाहीर होतात. त्यातले दोन निवडा, दोन्हींची कॉन्ट्रिब्यूटिंग फाइल (योगदान कसं द्यायचं ते सांगणारी) वाचा, रेपॉझिटरी (प्रकल्पाच्या कोडचा साठा) फोर्क करून, म्हणजे आपल्या खात्यावर तिची प्रत काढून, क्लोन करा, म्हणजे ती लॅपटॉपवर उतरवा, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (फक्त त्या प्रकल्पासाठी पायथॉनचं वेगळं दालन) बनवून अवलंबित पॅकेजं टाका आणि टेस्ट एकदा चालवून पाहा. टेस्ट तुमच्या घरी हिरव्या झाल्या, म्हणजे पास झाल्या, तर तुम्ही टेबलावरच्या बहुतेकांच्या पुढे आहात. होत नसतील तर एररचा पूर्ण मजकूर फाइलमध्ये ठेवा. तोच घेऊन टेबलावर बसायचं. ज्या गोष्टीने तुम्हाला अडवलं ती सेटअपच्या मार्गदर्शनात दुरुस्त करणं हेच पुष्कळदा पहिलं योगदान ठरतं.

बहुतेक वेळा पायथॉनच्या आवृत्तीवर अडतं: प्रकल्पाला नवी लागते, कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी टाकलेली जुनी असते. काही पॅकेजं सी भाषेत लिहिलेली असतात. तुमच्या आवृत्तीसाठी त्यांचं व्हील (आधीच बांधून ठेवलेलं पॅकेज) नसेल तर पिप (पॅकेजं टाकणारं साधन) ती तिथेच बांधायला जातं आणि कंपायलर नसला की पानभर लाल अक्षरं येतात. आणखी एक, फारसं कोणी सांगत नाही ते. विंडोजवर एडिटरने फाइलच्या ओळींचे शेवट बदलले की एका ओळीची दुरुस्ती करूनही गिट अख्खी फाइल बदलल्याचं दाखवतं. अशा बदलात नेमकं काय केलं हे तपासणाऱ्याला दिसत नाही, आणि तो तसाच परत येतो. पाठवण्याआधी डिफ (काय काय बदललं ते दाखवणारी यादी) स्वतः वाचा. पाचशे ओळी लाल-हिरव्या दिसल्या तर गिटमधलं ऑटोसीआरएलएफचं (ओळींचे शेवट बदलणारं) सेटिंग आणि एडिटरच्या खालच्या पट्टीवरचं सीआरएलएफ तपासा.

पुल रिक्वेस्ट (तुमचा बदल स्वीकारण्याची विनंती) पाठवल्यावर टेस्ट लगेच चालू होत नाहीत म्हणून घाबरू नका. प्रकल्पात पहिल्यांदा योगदान देणाऱ्याच्या तपासण्या प्रकल्पवाल्याने मंजूर केल्याशिवाय गिटहब चालवत नाही. तो शेजारीच बसलेला असतो, सांगा त्याला. काम त्याच दिवशी स्वीकारलं जाईलच असं नाही. आठवड्याने एखादी सूचना येते आणि नेमकी तेव्हा मुलं सबमिशनमध्ये गुंतलेली असतात. दोन ओळींचं उत्तर न दिल्यामुळे चांगली कामं तशीच पडून राहतात.

चार्जिंगसाठी स्वतःचा छोटा स्पाइक बोर्ड न्या. भिंतीतला एक सॉकेट चौघांना पुरतो आणि टेबलावर मैत्रीही होते. परतीची कर्नाटक एक्स्प्रेस संध्याकाळी सुटते, त्यामुळे चार वाजेपर्यंत स्प्रिंट करून ती गाठता येते. मात्र होसूर रोड ते स्टेशन हे अंतर कमी दिसलं तरी दीड तास हातात ठेवा.

जेवण तिकिटात असतं आणि ते ठीक आहे: भात, सांबार, एखादी भाजी, दही. भरीत-पुरीची आठवण येईल, इलाज नाही. रांग दीडला सर्वांत मोठी असते. रांगेत मोबाइल बाहेर काढू नका, पुढच्या माणसाशी बोला.

मोठी उणीव एकच: तिथे खानदेशातली माणसं आणि खानदेशातले विषय फार थोडे. प्रस्ताव मागवायची खिडकी काही महिने आधी उघडते आणि विद्यार्थीही प्रस्ताव देऊ शकतात. आपल्याकडे साहित्य पडलेलं आहे. केळीच्या हवामान-आधारित पीकविम्यात तापमान किती अंशांखाली किती दिवस राहिलं यावर भरपाई ठरते, आणि ते मोजतात महसूल मंडळातली स्वयंचलित हवामान केंद्रं. मंडळाचा आकडा आणि शेतातला आकडा यांत किती फरक पडतो, हे रावेर-यावलच्या एखाद्या कॉलेजने दोन-तीन स्वस्त सेन्सर आणि पांडाज (आकड्यांच्या तक्त्यांसाठीचं पायथॉनचं पॅकेज) वापरून एका थंडीत मोजलं तरी पोस्टर तयार होतं. प्रस्तावात मिनिटांनुसार आराखडा द्या, ऐकणाऱ्याला आधी काय यायला हवं ते लिहा, आणि चालणाऱ्या कोडचा दुवा जोडा. कोड नंतर टाकतो असं लिहिलेले प्रस्ताव मागे पडतात. थंडीचे आकडे हवे असतील तर सेन्सर दिवाळीआधी शेतात लागायला हवेत.